तळ्याकडचा बांध

मला गळ टाकता येतो, ही गोष्ट मी लग्नापासूनची चोवीस वर्षं माझ्या घरात लपवून ठेवली. त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण गळ टाकता येतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुणी शिकवलं? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एका माणसाचं नाव, आणि त्या नावाच्या मागोमाग एक दुपार येते. ती दुपार मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याच्या वाट्याला ती आली त्यालाही नाही. मी तसा कमी बोलणारा माणूस. महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तुम्हाला गप्प बसायचाच पगार मिळतो, असं सहकारी चेष्टेनं म्हणतात. माझ्या गप्प राहण्याला लोक स्वभाव समजत आले आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

यंदाच्या मार्गशीर्षात माझी मुलगी रेवती पुण्याहून चार दिवसांसाठी नांदेडला आली. येतानाच बेत ठरवून आली होती. "बाबा, विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला पाण्याकाठी तंबू लावून देतात. एक दिवस राहू या. मासे धरायला काठीपण देतात."

"मला थंडीत गुडघे गारठवून घ्यायचे नाहीत," बायको म्हणाली, "तुम्ही बापलेक जा. आणि हे काय मासे धरणार? यांना दोरीवरचे कपडे धड काढता येत नाहीत."

मी हसलो. गेलो.

धरणाच्या भिंतीपासून बरंच वर, गोदावरी जिथं नदी राहिलेली नाही आणि तळंही झालेली नाही, तिथं काठावर तीन नारंगी तंबू होते. पाणी दुपारच्या उन्हात स्वस्थ पडलेलं. पलीकडच्या काठाला करडई काटेरी हिरवी उभी. पाणकावळे पंख पसरून खुंटांवर बसले होते, धुणं वाळत घातल्यासारखे. तंबू सांभाळणारा तिशीतला गडी मोठा बोलका. काठ्या हातात देताना म्हणाला, "सर, माशाची गॅरंटी न्हाई, चहाची हाय."

काठी म्हणजे रंगीत फायबरची, तिला चाक, चाकाला गुळगुळीत नायलॉनची दोरी. रेवतीनं दोनदा फेकली, दोनदा स्वतःच्याच ओढणीत अडकवली. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "दे इकडं." आणि मग जे झालं ते मी केलं असं म्हणता येणार नाही, ते हातानं केलं. बत्तीस-तेहेतीस वर्षांत या हातानं पुस्तकांवर शिक्के मारले, सह्या केल्या, भाजीच्या पिशव्या उचलल्या. पण काठी बोटांत आली तशी करंगळी आपली आपण बुडाखाली गेली, मनगट सैल झालं, आणि गळ बेशरमीच्या झुडपाच्या सावलीत, मला पाहिजे तिथं, आवाज न करता पडला. थोड्या वेळानं एक चिलापी आली. तळहाताएवढी.

"सर, हात तर जुना हाय की तुमचा!" तो गडी म्हणाला.

रेवती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा! कुणी शिकवलं तुम्हाला?"

"गौतमनं," मी म्हणालो.

हे नाव आमच्या घरातल्या माणसासमोर मी पहिल्यांदाच उच्चारलं. ती म्हणाली, "कोण गौतम?" मी म्हणालो, "होता एक, तळ्यावर." आणि पाण्याकडे बघू लागलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती माझीच मुलगी आहे. कुठं थांबायचं ते तिला कळतं.

आमचं गाव चाकूरपासून सात-आठ किलोमीटर आत. गावाच्या खाली तळं, तळ्याला मातीची पाळ, एका बाजूला दगडी सांडवा. दुसऱ्या बाजूला आमचं शेत. शेताचा शेवटचा बांध आणि तळ्याची पाळ यांच्यामध्ये फक्त एक चिंचेचं झाड. तळ्यातल्या माशांचा ठेका दुसऱ्याच गावचा एक ठेकेदार घ्यायचा, आणि त्यानं राखणीला गौतमच्या वडिलांना ठेवलं होतं. त्या वर्षी वडिलांना छातीचं दुखणं लागलं. ते घरी, आणि त्यांच्या जागी गौतम तळ्यावर. बारावीला तो पहिल्या वर्गात पास झालेला. मी त्याच परीक्षेत फिजिक्सला आपटलेला. दोघंही त्या हिवाळ्यात गावातच अडकलो होतो. तो पास होऊन, मी नापास होऊन.

मी घरी सांगितलं, तळ्यावर शांत असतं, अभ्यास होतो. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान हलवली. दादा माळकरी, घरात अंडंसुद्धा यायचं नाही. त्यामुळं तळ्यावर अभ्यासाशिवाय मी काय करीन, हा संशय त्यांच्या मनाला शिवला नसावा, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

गौतमनं पाळीच्या आडोशाला बेशरमीच्या फोकांची कोपी घातली होती. वर जुनी ताडपत्री, खाली कडब्याच्या पेंढ्या, त्यांवर सोजरमावशीनं, त्याच्या आईनं, दिलेली गोधडी. दारात तीन दगडांची चूल. आज लोक असल्या राहण्याचे पैसे मोजतात. आम्हाला तेव्हा ते राहणं वाटायचंच नाही, वाटायचं आपण घरून पळून आलोय आणि अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

सकाळी तळ्यावरून वाफ निघायची. दूध उतू जायच्या आधी पातेल्यावर येते तशी, पांढरी, हळू हलणारी. त्या वाफेतून आधी टिटवीचा आवाज यायचा, मग टिटवी. चक्रवाकांचा एक थवा त्या वर्षी पौषापर्यंत मुक्कामाला होता. तांबूस अंगाचे, जोडीजोडीनं पोहणारे. गौतम त्यांना पाव्हणे म्हणायचा. "पाव्हणे उठले का बघ. उठले आसतील तर चहा टाकतो." मी आजही कुठं तांबूस रंगाची शाल पाहिली की मला धुराचा वास येतो आणि बिनदुधाच्या गुळाच्या चहाची चव येते.

त्याची काठी कळकाची. तरंगायला जोंधळ्याच्या धांड्याचा बोटभर तुकडा, आतला भेंड हलका असतो म्हणून. आमिषाला गांडूळ, नाहीतर कणकेत हिंग मळून केलेली गोळी. पहिल्या दिवशी मी काठी लाठीसारखी धरली.

"फिजिक्सात नापास झालास ते बरोबरच हाय," गौतम म्हणाला. "अरे, हा टेकू, हा भार, हे बळ. बुडाशी एक हात, वर एक हात. पुस्तकात हेच हाय. तू पाठ करतूस, म्हणून विसरतूस."

"मास्तर, मासा कधी लागंल ते सांग."

"तू बोलायचा थांबलास की."

मग आम्ही थांबायचो. धांड्याचा तुकडा पाण्यावर उभा. सगळं जग त्या बोटभर पांढऱ्या तुकड्याभोवती गोळा झालेलं. तो एकदा थरथरायचा, पुन्हा एकदा, आणि माझा हात शिवशिवायचा. "वढू नको," तो हळूच म्हणायचा, "वढू नको दिग्या. त्याला वाटू दे, आपलं आपुनच घ्यायलोय." मग धांडा एकदम खाली जायचा आणि काठी जिवंत व्हायची. ती कमान, दोरीला बसणारा तो झटका. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना आतून पहिलं रडणं ऐकू आलं, तेव्हा मला नेमका तोच झटका बसला होता. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही, पण ते लाजेखातर.

गौतमचा एक नियम होता. ठेकेदारानं तळ्यात रोहू आणि कटल्याचं बीज सोडलेलं. ते मासे ठेक्याचे. मरळ, वांब, चिलापी, झिंगे हे तळ्याचे. तळ्याचा मासा गळाला लागला तर आमचा, ठेक्याचा लागला तर परत पाण्यात. एकदा माझ्या गळाला कटला लागला. मोठा. काठी मोडते की काय असं वाटलं. दोघांनी मिळून काठाला आणला. रुंद डोक्याचा, रुपेरी, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. गौतमनं ओल्या हातानं त्याच्या ओठातला गळ सोडवला आणि त्याला पाण्यात धरून पुढं-मागं हलवलं, श्वास येईपर्यंत.

"आरं, ठेव की! कोण बघायलंय हितं?" मी ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "कुणी बघाया न्हाई म्हणून तर आपल्याला हितं बसीवलंय."

कटला शेपटी मारून गेला. माझ्या तोंडावर पाणी उडालं. ते वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं. दोस्तांना सांगून हसलोही.

दुपारी सोजरमावशी भाकरी आणि येसराचं, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाचं, कालवण पाठवायची, किंवा गौतम मरळ चुलीवर शिजवायचा. भांडी मोजकी: एक पातेलं, एक तवा, दोन पेले आणि काठ चेपलेली एकच जर्मनची ताटली. आम्ही दोघं त्या एका ताटलीत जेवायचो. माशाचं डोकं तो माझ्याकडे सरकवायचा. घरी जाताना मी वाटेत हरभऱ्याचा डहाळा चावत जायचो, तोंडाचा वास जावा म्हणून. तो आंबट-खारट हिरवा वास आणि त्याखाली दडवलेला माशाचा वास, ही माझ्या त्या हिवाळ्याची चव. दीड महिना मी त्याच्या ताटलीत जेवलो. तो आमच्या घरी एकदाही जेवला नाही. गौतमचं घर बौद्धवाड्यात, आमचं गावात. मधे एक ओढा. त्या ओढ्याबद्दल आम्ही दोघंही बोलायचो नाही. तो बोलायचा नाही, कारण त्याला सगळं माहीत होतं. मी बोलायचो नाही, कारण मला ते सोयीचं होतं.

आणि मग येळवस आली.

लातूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडे गावं ओस पडतात. चाकूर असो, औसा असो, त्या दिवशी बाजारपेठेत कुत्रं सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील शेतात शिंपडायची आणि मग झाडाखाली पंगती. शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली गार आंबील, लसूण-कोथिंबिरीचा वास असलेली. आणि एक रीत: त्या दिवशी शेताजवळून जाणाऱ्या माणसाला बांधावरून हाक मारायची. ओळखीचा असो नसो. "ओऽऽ पाव्हणं, या, भज्जी खाऊन जा!" अशी हाक मारलेला माणूस नाही म्हणत नाही, आणि हाक मारणाऱ्याला घरातलं कुणी का म्हणून विचारत नाही.

बौद्धवाड्यातल्या घरांनाही येळवसची भज्जी मिळायची. पण दिवस कलल्यावर, पंगती उठल्यानंतर, फडक्यात बांधून, बांधाच्या कडेला. गौतमच्या वडिलांनी ती आणायला जाणं कधीच बंद केलं होतं.

येळवसच्या दोन दिवस आधी मीच विषय काढला. माझ्याकडून निघाला, त्यानं काढला नव्हता, हे मला पुन्हापुन्हा लिहावंसं वाटतं. आम्ही सांडव्यावर पाय सोडून बसलो होतो. मी म्हणालो, "येळवसला आमच्याकडं ये जेवायला."

"बांधून दिलेलं घ्यायला मी येत नसतो, दिग्या."

"बांधून कशाला? पंगतीत बस. माझ्या बाजूला."

"तुझे दादा?"

"तू फक्त दुपारी बांधावरून जा. मी हाक मारतो. हाक मारल्यावर कोण काय म्हणणार?"

मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. कुणाशी वाद नाही, कुणाची परवानगी नाही. रीतीच्याच दारानं त्याला आत घ्यायचं. तो हसला. म्हणाला, "खामखा मला दोन फेऱ्या मारायला लावशील."

"एकच," मी म्हणालो. "दिसलास की हाक."

त्या दिवशी ऊन मऊ होतं. जोंधळा हुरड्यात आलेला, वाऱ्यानं कणसं एकमेकांना घासायची. चिंचेपासून थोड्या अंतरावर आमची कोप. चाळीसेक माणसं. औश्याचे काका आले होते, आणि त्यांच्याबरोबर माझ्या बहिणीला बघून गेलेल्या घरची दोन वडीलधारी माणसं. सोयरीक ठरायच्या बेतात होती. मी आंबील वाढत होतो. हातात बादली आणि तांब्या.

गौतम पाळीवरून खाली उतरताना मला दिसला. पांढरा सदरा. तो सदरा त्याच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीचा, मला ओळखू आला. केसांना तेल, भांग काढलेला. हातात हिरवीगार करडईची कोवळी पानं, भाजीची, जुडी बांधलेली. रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून. तो बांधावर आला आणि सावकाश चालू लागला. इतकं सावकाश कुणी शेताच्या बांधावरून चालत नाही.

काकांनी मान वर केली. "कोण रे तो?"

प्रश्न एवढाच. त्यात राग नव्हता, नकार नव्हता. बसलेल्या माणसानं सहज विचारलेला प्रश्न. मी सोयऱ्यांच्या पंगतीकडे बघितलं. दादांकडे बघितलं, ते खीर वाढत होते.

"तळ्यावरचा राखणदार आसंल," मी म्हणालो.

आणि मी बादलीत वाकलो. आंबील ढवळली. तळाशी पीठ बसतं, ढवळावी लागते. मी खूप वेळ ढवळत होतो.

तो चिंचेपर्यंत गेला. तिथं थांबला. मग वळला आणि परत त्याच बांधावरून आला. दुसऱ्यांदा. मला वाटतं, त्याला वाटलं असेल पहिल्यांदा मी पाहिलं नाही. तो मला संधी देत होता. यावेळी तो मान वर करून चालत होता, आणि आमची नजर भिडली. मी तांब्या उचलला आणि पंगतीतल्या एका माणसाला म्हणालो, "घ्या की अजून थोडी." त्याचा पेला भरलेलाच होता. आंबील त्याच्या मांडीवर सांडली. लोक हसले. हसणं थांबलं तेव्हा बांध रिकामा होता.

मला कुणी अडवलं नव्हतं. मी हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलंय की ते गुळगुळीत झालंय. कुणी डोळे वटारले नव्हते, कुणी शब्द टाकला नव्हता. माझ्या घशात हाक तयार होती, तिचं पहिलं अक्षरसुद्धा मला आठवतं. ती मीच गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर गेलो. न जाणं जास्त अवघड होतं. वाफ होती, टिटवी होती, पाव्हणे पोहत होते. गौतम काठीची दोरी बदलत होता. मी सबबी जुळवून नेल्या होत्या. काका होते, सोयरे होते, तू समजून घे. त्यानं मला बोलूच दिलं नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. "बस," म्हणाला. चहा दिला. फिजिक्सचं पुस्तक काढून आरशाचा धडा समजावला, नेहमीसारखाच नीट. दुपारी मरळ शिजवली. मी ताटलीकडे सरकलो, तर त्यानं भाकरी आणि माशाचे तुकडे एका स्वच्छ फडक्यात बांधले, वर गाठ मारली आणि माझ्या हातात दिले.

"घरी ने," तो म्हणाला. "मला सांडव्याकडं जायचंय."

माळकऱ्याच्या घरी मासा नेता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मी ते गाठोडं घेऊन पाळीवरून चालत निघालो. अर्ध्या वाटेवर मला कळलं, आपल्या हातात काय दिलंय. बांधलेलं. बांधाच्या कडेला. मी ते चिंचेखाली बसून एकट्यानं खाल्लं. टाकून द्यायची हिंमत नव्हती आणि परत करायचीही.

त्यानंतरही मी जात राहिलो, परीक्षेपर्यंत. तो शिकवत राहिला. मार्चमध्ये मी फिजिक्स काढलं, चांगल्या मार्कांनी. टेकू, भार, बळ. तो प्रश्न आलाच होता. पण त्या ताटलीत आम्ही पुन्हा जेवलो नाही, आणि त्यानंतर त्यानं मला दिग्या म्हटलं नाही. काही हाक मारायची वेळ आलीच तर म्हणायचा, "ऐका."

बहिणीची ती सोयरीक, जाता जाता सांगतो, जमली नाही. भलत्याच कारणानं मोडली.

मी नांदेडला आलो, शिकलो, नोकरीला लागलो. गौतमनं पुढं डी.एड. केलं, शिक्षक झाला, देगलूरकडे मुख्याध्यापक आहे असं कळतं. मधे एकदा नांदेडच्या बसस्थानकावर भेटला होता. केस पिकलेले, खांद्याला पिशवी, सोबत बायको. त्यानंच मला आधी ओळखलं. "काय दिगंबरराव, बरे हाव ना?" म्हणाला. बायकोला सांगितलं, "हे आमच्या गावचे." दोस्त नाही, गावचे. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी म्हणालो, "घरी या एकदा." तो म्हणाला, "येऊ की." माझ्या घराचा पत्ता त्यानं विचारला नाही आणि मी सांगितला नाही. मग त्यांची गाडी लागली.

इतकी वर्षं माझ्याजवळ एक आधार होता: दादा. माळकरी असले तरी जुन्या वळणाचे, सोयऱ्यांसमोर त्यांचा अपमान झाला असता. मी त्यांच्यासाठी गप्प बसलो. हा आधार मी बराच काळ वापरला. दादा जायच्या आदल्या वर्षी नांदेडला माझ्याकडे होते. एका सकाळी गॅलरीत उन्हाला बसले होते, मी त्यांची नखं कापत होतो. मधेच म्हणाले, "त्या वर्साला येळवसला तो तळ्यावरला पोरगा दोनदा गेला बांधावरून. तुझा दोस्त व्हता ना?"

माझा हात थांबला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या सदऱ्याला माशाचा वास यायचा की रे. मला काय नाक न्हाई?" ते हसले. मग म्हणाले, "मी खीर वाढायलो होतो. म्हटलं, दिगू आता हाक मारंल. मारली न्हाईस. मला वाटलं, तुमचं काही बिनसलं आसंल."

"हो," मी म्हणालो. "बिनसलं होतं."

आणि त्यांचं पुढचं बोट धरलं. दादांशी मी बोललेलं ते शेवटचं खोटं असावं. त्यांनी स्वतः का हाक मारली नाही, हे मला विचारता आलं असतं. पण तो प्रश्न विचारायचा हक्क माझा नव्हता.

तंबूतली सकाळ. रेवती पांघरूण गुंडाळून काठावर येऊन बसली. विष्णुपुरीच्या पाण्यावरही वाफ निघते, पण पाणी मोठं, वाफ विरळ. लांबवर दोन तांबूस ठिपके पोहत होते. "ते कोणते पक्षी?" तिनं विचारलं. "पाव्हणे," मी म्हणालो, आणि मग सुधारलं, "चक्रवाक." त्या गड्यानं चहा आणला, त्याची गॅरंटी खरी होती. नाश्त्याला कालची चिलापी त्यानं तळून दिली, कागदी बशांत, दोन वेगवेगळ्या. रेवतीनं तिची बशी बाजूला ठेवली आणि माझ्याच बशीतून खाऊ लागली. "एक बशी कशाला खराब करायची," म्हणाली. मी माशाचं डोकं तिच्याकडे सरकवलं. हा लेख छापून आला की ती वाचेल. तोंडानं सांगता आलं नाही ते लिहून सांगतोय, हेही माझ्या स्वभावाला धरूनच झालं.

शेत आता चुलतभाऊ करतो. चिंच आहे. तळं आहे, गाळानं उथळ झालेलं. मी जवळजवळ दरवर्षी येळवसला जातो. पंगतीत वाढतो, आंबीलच वाढतो. भाऊ, पुतणे बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारतात, मोटारसायकली थांबवतात. "काका, तुम्ही मारा की हाक," पुतणी म्हणते. त्या दुपारनंतर मी त्या बांधावरून एकाही माणसाला हाक मारलेली नाही. माझी पहिली हाक कुणाची आहे ते ठरलेलं आहे; ती दिल्याशिवाय दुसरी कशी देणार?

गौतमचा फोन नंबर मिळवणं अवघड नाही. गावातल्या कुणाकडेही असेल. पण फोनवर माफी मागून हे भागणार नाही, एवढं मला कळतं. माफी मागितली तर ती त्याला द्यावी लागेल, म्हणजे पुन्हा त्यानंच द्यायचं आणि मी घ्यायचं. आधीच मी त्याचं खूप घेतलंय. गळ घेतला, फिजिक्स घेतलं, माशाचं डोकं घेतलं. त्या दुपारी बांधावर त्याच्या हातात कोवळ्या करडईची जुडी होती. ती त्यानं कुठं टाकली, का परत नेली, सोजरमावशीला काय सांगितलं, हे मला माहीत नाही आणि विचारायची लाज वाटते.

यंदाची येळवस दहा दिवसांवर आहे. तो येईल का, मला माहीत नाही. त्यानं का यावं, हेही माहीत नाही. दादा गेले, काका गेले, त्या पंगतीतली निम्मी माणसं गेली. ज्यांच्या देखत ती हाक द्यायची होती ते ऐकायला नाहीत. तरी माझ्याकडचं देणं कमी झालेलं नाही. मी गौतमला एक हाक देणं लागतो: तळ्याकडच्या बांधावर उभं राहून, मोठ्यानं, नाव घेऊन, सगळ्यांच्या देखत, जेवायला.